बर्फ नको, वाट द्या

जानेवारी संपत आला की आमच्या पळणाऱ्या मंडळींमध्ये दरवर्षी एक साथ येते. बर्फाची साथ. कुणीतरी एक व्हिडिओ पाठवतं. उणे तीस तापमान, दोन्ही बाजूंना बर्फाच्या ओझ्यानं वाकलेली झाडं, मधल्या पांढऱ्या पट्ट्यावरून एक माणूस कमरेला पट्टा बांधून मागे छोटी घसरगाडी ओढत चाललाय. दाढीला बर्फ, मिशीला बर्फ, पापण्यांनाही बर्फ. मग पुढचे दोन दिवस सगळे सुस्कारे टाकतात. "याला म्हणतात शर्यत!" "नाहीतर आपण, चार गड आणि पोटभर धूळ." आणि सगळ्यात शेवटी ते ठरलेलं वाक्य येतं: "काय करणार, आपल्याकडे बर्फ नाही ना."

या वाक्याचा मला आता राग यायला लागला आहे. एक तर ते खोटं आहे, आणि दुसरं म्हणजे ते आळशी आहे. थंडीतली, जंगलातली, लांब पल्ल्याची शर्यत बर्फामुळे होत नाही मंडळी. ती वाटेमुळे होते. बर्फ आकाशातून फुकट पडतो. वाट मात्र कुणीतरी राखावी लागते, तिच्यासाठी भांडावं लागतं, कायदा करावा लागतो. तिकडच्या लोकांनी ते केलं. आपण फक्त त्यांचे व्हिडिओ बघतो.

आता हे नुसतं म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

ज्या शर्यतीचे व्हिडिओ सगळ्यात जास्त फिरतात ती 'अ‍ॅरोहेड १३५'. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या पार उत्तरेला, कॅनडाच्या सीमेवर इंटरनॅशनल फॉल्स नावाचं गाव आहे. तिथून निघायचं आणि टॉवर नावाच्या गावाजवळ पोचायचं. अंतर १३५ मैल, म्हणजे साधारण २१७ किलोमीटर. मुदत ६० तास. २००५ पासून ही शर्यत चालू आहे आणि ती मुद्दाम जानेवारीच्या शेवटी, ऐन थंडीत ठेवतात. पायी जा, सायकलवर जा, नाहीतर स्कीवर जा. उणे २९ अंशांना टिकेल अशी झोपायची पिशवी, स्टोव्ह, पाणी वितळवायला भांडं, लुकलुकणारे लाल दिवे आणि ३००० कॅलरींचं राखीव खाणं बरोबर असलंच पाहिजे. हे सगळं आमच्या मंडळींना तोंडपाठ आहे. कुठल्या कंपनीची पिशवी चांगली हेसुद्धा पाठ आहे.

पण ते ज्याच्यावरून पळतात ते काय आहे, हे कुणी विचारत नाही. ती 'अ‍ॅरोहेड स्टेट ट्रेल' आहे. स्टेट, म्हणजे सरकारी. मिनेसोटा राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या ताब्यातली, नकाशावर रीतसर आखलेली, सर्वांसाठी खुली असलेली वाट. हिवाळ्यात तिच्यावरून बर्फावरच्या मोटारगाड्या धावतात, त्यांच्यासाठी बर्फ दाबून सपाट करतात, आणि वर्षातून एकदा त्याच वाटेवरून हे वेडे लोक पळतात. शर्यतवाल्यांनी वाट बनवलेली नाही. वाट आधी होती, म्हणून शर्यत झाली.

आता जरा आमच्याकडे या.

मी परंदवडीचा. सोमाटणे फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव. एका अंगाला द्रुतगती मार्ग आणि उर्श्याचा टोलनाका, दुसऱ्या अंगाला पवनेचं खोरं, थोडं पुण्याकडे गेलं की घोरावडेश्वराची लेणी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला बाहेर पडलं की नदीच्या बाजूनं असं धुकं येतं की दहा पावलांपुढचं दिसत नाही. गवतावर इतकं दव की पहिल्या किलोमीटरलाच बूट चिंब. (आमच्या थंडीला हसू नका. पुण्यात १९३५ च्या जानेवारीत पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता.) भात काढून झालेलं असतं, खाचरं मोकळी पडलेली असतात, बांधांवरून वाटा गेलेल्या असतात. पळायला याहून सुंदर जागा आणि याहून सुंदर ऋतू मला तरी माहीत नाही.

फक्त त्या वाटा एकेक करून संपत चालल्या आहेत.

आमच्या शिवारातली एक वाट सांगतो. वस्तीवरून निघायची, खाचरांच्या कडेनं जायची, ओढा ओलांडायची आणि डोंगराच्या पायथ्याला लागायची. मी पळायला तिकडून जायचो हा भाग सोडून द्या, मी काही एवढा महत्त्वाचा नाही. त्या वाटेनं वस्तीवरच्या पोरी शाळेत जायच्या, बायका सरपणाला जायच्या, गुरं चरायला जायची. आज तिथं भिंत आहे. पुरुष-दीड पुरुष उंच, वर काचा लावलेल्या. आत बंगल्यांचे प्लॉट. स्कीमचं नाव मी घेत नाही, घ्यायची गरजही नाही, कारण मावळात अशा डझनावारी भिंती आहेत आणि सगळ्यांवर रंगवलेल्या पाटीत कुठेतरी डोंगर, नाहीतर दरी, नाहीतर हिरवळ असतेच. ज्या गोष्टीची वाट बंद करायची तिचंच नाव पाटीवर लिहायचं, अशी एकूण पद्धत दिसते. फाटकावरचा रखवालदार म्हणतो, "दादा, हितून जाता येत न्हाई, मला वरडतात." त्याच्याशी काय भांडणार? तोही कुठल्यातरी गावची वाट सोडूनच इथं उभा राहिलेला असतो.

परिणाम काय? दीड किलोमीटरचं अंतर आता डांबरी रस्त्यानं दुपटीच्या वर जातं. रस्त्याला पदपथ नाही, कडेला खडीचे डंपर. शाळेच्या पोरी त्या डंपरांच्या कडेनं चालतात. मी सकाळी पळताना डोक्याला दिवा आणि अंगावर चमकणारी पट्टी लावतो. त्यांच्याकडे ती पण नसते.

म्हणजे आपल्याकडे काय नाहीये, ते कळलं का?

आता माझी दुसरी आवडती शर्यत सांगतो. इंग्लंडमधली 'स्पाइन रेस'. २०१२ पासून होते, तीही भर जानेवारीत. ईडेल नावाच्या खेड्यातून निघून थेट स्कॉटलंडच्या सीमेपलीकडच्या कर्क येथमपर्यंत. २६८ मैल, म्हणजे ४३१ किलोमीटर. पाऊस, चिखल, बर्फ, माळरानं, पुढे कीलडरचं जंगल, आणि सोळा सोळा तासांच्या रात्री. २०१९ साली ही शर्यत जॅस्मिन पॅरिस नावाच्या बाईंनी जिंकली. बायकांच्या गटात नव्हे, सगळ्यांत पहिली. ८३ तास १२ मिनिटं २३ सेकंद. आधीचा विक्रम त्यांनी १२ तासांनी मोडला. घरी १४ महिन्यांची मुलगी होती आणि वाटेतल्या थांब्यांवर त्या तिच्यासाठी अंगावरचं दूध काढून ठेवत होत्या. ही गोष्ट आमच्या मंडळींनी शंभर वेळा एकमेकांना पाठवली आहे, आणि पाठवावीच अशी आहे.

पण जॅस्मिनबाई ज्या वाटेवरून पळाल्या त्या वाटेची गोष्ट कुणीच पाठवली नाही. ती अशी.

ईडेलच्या डोक्यावर किंडर स्काउट नावाचं पठार आहे. शंभर वर्षांपूर्वी ते आणि आजूबाजूची माळरानं जमीनदारांच्या ताब्यात होती. कशासाठी? तर ग्राउझ नावाच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी. वर्षातले मोजके दिवस शिकार, बाकी वर्षभर राखणदार आणि पाट्या. आणि खाली मँचेस्टर आणि शेफील्डच्या कारखान्यांत आठवडाभर धूर खाल्लेले हजारो कामगार, ज्यांना रविवारी फक्त डोंगरात चालायचं होतं. २४ एप्रिल १९३२ ला असे काहीशे जण ठरवून, गाजावाजा करून त्या पठारावर घुसले. राखणदारांशी झटापट झाली. पाच पोरांना तुरुंगवास झाला. पुढारी बेनी रॉथमन विशीतला कामगार होता, त्याला चार महिने मिळाले.

इथं गोष्ट संपली असती तर ती आपल्याकडच्या गोष्टींसारखी झाली असती. पण शिक्षेनं लोक आणखी चिडले. १९३५ साली टॉम स्टीफन्सन नावाच्या पत्रकारानं वर्तमानपत्रात लेख लिहून मागणी केली की आम्हाला अख्ख्या पेनाइन डोंगररांगेवरून जाणारी एक लांब वाट हवी. १९४९ साली कायदा झाला. त्या कायद्यानं स्थानिक परिषदांना सांगितलं की तुमच्या हद्दीतल्या सगळ्या सार्वजनिक पायवाटा मोजा, नकाशावर आणा, आणि एकदा नकाशावर आलेली वाट हाच तिचा पुरावा. स्टीफन्सन यांची 'पेनाइन वे' १९६५ साली रीतसर खुली झाली. लेख लिहिल्यापासून तीस वर्षं! त्याच वाटेवरून आज स्पाइन रेस होते. तर मुद्दा असा, की जॅस्मिन पॅरिस यांच्या त्या ८३ तासांच्या खाली पाच जणांचे तुरुंगातले महिने आणि तीस वर्षांचा चिवटपणा अंथरलेला आहे. पायाखाली काय आहे ते दिसत नाही, कारण वरती बर्फ असतो.

कुणी म्हणेल, ते इंग्लंड आहे, तिथं मोकळी माळरानं आहेत. आपल्याकडे इंच इंच जमीन शेताची. लोकांच्या शेतातून कुणालाही कसं जाऊ देणार?

हा प्रश्न खरा आहे. म्हणून तिसरं उदाहरण देतो, आणि माझ्या मते ते आपल्या सगळ्यात जवळचं आहे. नॉर्वे.

नॉर्वेत १९५७ चा एक कायदा आहे, मोकळ्या हवेत फिरण्याबद्दलचा. तो जमिनीचे दोन भाग करतो. डोंगर, रान, माळ अशी न कसलेली जमीन. तिच्यावरून कुणीही, कधीही पायी जाऊ शकतो, मालक कुणीही असो. आणि कसलेली जमीन, म्हणजे शेतं आणि कुरणं. तिच्यावरून एरवी जायचं नाही, पण जमीन गोठलेली किंवा बर्फानं झाकलेली असेल तेव्हा जाता येतं. त्यालाही तारखांची मर्यादा आहे: ३० एप्रिल ते १४ ऑक्टोबर या काळात नाही म्हणजे नाहीच. घराचं अंगण, नुकतीच पेरलेली जमीन हे तर कायमच वर्ज्य.

काय केलं आहे बघा. त्यांनी शेतकऱ्याची मालकी काढून घेतली नाही. त्यांनी एवढंच विचारलं की शेतात पाऊल पडल्यानं नुकसान कधी होतं आणि कधी होत नाही. जेव्हा होत नाही, तेव्हा वाट मोकळी. बर्फ तिथं शोभेसाठी नाहीये, पिकाचं रक्षण करणारं पांघरूण म्हणून तो कायद्यात आला आहे. अशा देशात मग बर्केबाइनर शर्यतीसारख्या गोष्टी रुजतात, जी १९३२ पासून रेना ते लिलेहामर अशी ५४ किलोमीटर स्कीवरून होते आणि जिच्यात प्रत्येकजण पाठीवर साडेतीन किलोचं ओझं घेतो. का, तर १२०६ साली दोन योद्ध्यांनी एका तान्ह्या राजपुत्राला असंच बर्फातून डोंगरापलीकडे सुखरूप नेलं होतं, त्याची आठवण म्हणून.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या आळीतले आबा आठवले. गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या खाचरातून आडवा पळत गेलो आणि पलीकडे तेच भेटले. मी आपला "आबा, तुमच्या शेतातून आलो हं" असं म्हणून उभा राहिलो. ते म्हणाले, "आरं मग? भात निघाल्यावर शिवार समद्यांचंच आसतं की. गुरं न्हाई का सोडत आपण? निस्तं बांध ढासळू नको म्हंजे झालं."

नॉर्वेच्या संसदेला १९५७ साली जे कायद्यात लिहावं लागलं ते आबांनी बांधावर उभं राहून तीन वाक्यांत सांगितलं. मावळात हा रिवाज कुणी शिकवावा लागला नाही. कार्तिकात भात कापलं, झोडलं, पेंढा रचला की खाचरं मोकळी. गुरं सुटतात, पोरं तिथंच क्रिकेट खेळतात, वाटसरू आडवं कापून जातो. ज्यानं हरभरा किंवा मसूर टाकला असेल त्याच्या बांधावरून वळसा घालायचा, हे लहान पोरालाही कळतं. पुढे उन्हाळ्यात राब भाजायचे दिवस आले की जो तो आपापलं रान बघायला लागतो आणि पावसाळ्यात तर चिखलणीच्या खाचरात पाय घालायची कुणाची टाप नसते. इंद्रायणी तांदळाचं हे रान. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून तो वाण १९८७ साली आला. त्याचं एक रोप तुडवलं तर आबा मला काठी घेऊन हाणतील, आणि बरोबरच करतील.

म्हणजे बर्फ आपल्याकडेही पडतो मंडळी. फक्त तो पांढरा नसतो. कापलेल्या भाताचे सड म्हणजेच आपला बर्फ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तोच काळ, तोच नियम.

फरक एवढाच की त्यांचा रिवाज कागदावर आला आणि आपला आबांबरोबर जाणार. आबांची जमीन उद्या विकली गेली (आणि मुलांना पुण्यात फ्लॅट हवा असेल तर ती विकली जाणारच, त्यात त्यांचा दोष नाही) तर नवीन मालकाला हा रिवाज ठाऊक नसतो. तो पहिल्यांदा काय करतो? कुंपण घालतो.

आपल्याकडे कायदा अगदीच नाही असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. त्याचं कलम २० म्हणतं की सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा सरकारच्या मालकीच्या आहेत. कलम १४३ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता मागता येतो, तो निर्णय तहसीलदार देतो. त्याहून जुना मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६; त्याच्या कलम ५ खाली वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर अडथळा काढून मागता येतो. फक्त अडवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. सहा महिने! भिंत बांधायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मुदत संपते, आणि गावातल्या माणसाला ही मुदत ती संपल्यावरच कळते.

आणि गावनकाशा. तो तुम्ही कधी बघितलाय का? प्रत्येक गावाचा असतो. त्यात दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग आणि एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट. सव्वाआठ फूट, मंडळी! दोन माणसं गप्पा मारत आरामात पळतील आणि समोरून म्हैस आली तरी जागा उरेल. आपल्या पूर्वजांनी आणि साहेबाच्या मोजणीदारांनी साखळ्या ओढून ओढून त्या रेषा काढून ठेवल्या. इंग्लंडमध्ये अशाच रेषांचे नकाशे १९४९ नंतर व्हायला लागले. आपल्याकडे बऱ्याच वाटा आधीपासून कागदावर आहेत. जमिनीवर मात्र त्या रेषेवर कुणाचा तरी पोहण्याचा तलाव आहे.

पण या कायद्यांतली उणीवही सांगितली पाहिजे. कलम १४३ काय किंवा कलम ५ काय, दोन्ही मुख्यतः शेतीसाठी आहेत. ज्याला शेतात जायचं आहे त्याला रस्ता. २०२१ ची मातोश्री पाणंद रस्ते योजना चांगली आहे, पण तीही शेतमाल आणि ट्रॅक्टर डोळ्यांपुढे ठेवून केलेली. जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही अशा कातकरी बाईला सरपणाला जायला वाट हवी असेल तर? शाळेच्या पोरीला हवी असेल तर? नुसतं चालायचं असेल तर? नुसतं चालणारा माणूस आपल्या कायद्याला दिसतच नाही.

आता दुसरी बाजू. ती मी रोज ऐकतो, म्हणून लपवत नाही.

पहिली तक्रार: वाटा मोकळ्या केल्या तर शनिवार-रविवारची गर्दी येईल, बाटल्या फोडेल, कचरा करेल. लोणावळ्याला काय होतं ते बघतोच आपण. खरं आहे. पण ती गर्दी वाटेनं येते का? ती मोटारीनं येते, धबधब्याशी गाडी लावते आणि गाडीपासून दोनशे पावलांच्या आत सगळा धिंगाणा घालते. सहा किलोमीटर चालून कुणी बाटली फोडायला जात नाही. आणि स्वीडन-नॉर्वेत हा हक्क आहे तिथं त्याच्याबरोबर एक अटही आहे, की कुणाला त्रास द्यायचा नाही आणि काही मोडायचं नाही. ती इथंही लावा. मोडेल त्याला दंड करा. पण दोघांनी बाटल्या फोडल्या म्हणून शाळेच्या पोरींची वाट बंद, हा कुठला न्याय?

दुसरी तक्रार: पैसे देऊन जमीन घेतली, भिंत बांधायचा हक्क नाही का? आहे. जरूर बांधा. फक्त गावनकाशावरची रेषा तेवढी बाहेर सोडा. तुम्ही सातबारा विकत घेतलात, रेषा विकत घेतलेली नाही. ती विकायचा हक्क विकणाऱ्यालाही नव्हता.

तिसरी तक्रार सगळ्यात मजेशीर, आणि ती आमच्याच पळणाऱ्यांची आहे: "आपल्याला काय करायचंय? शर्यतीच्या दिवशी आयोजक परवानगी काढतात की."

इथं माझं खरं भांडण आहे. भिंतवाल्यांशी नाही, ते त्यांच्या फायद्याचं बघतात. माझं भांडण आपल्याशी आहे.

सह्याद्रीतल्या डोंगरवाटांच्या शर्यती गेल्या काही वर्षांत छान रुजल्या. सिंहगड-राजगड-तोरणा ही शर्यत डिसेंबरच्या सुमाराला होते. तिचा ५३ किलोमीटरचा टप्पा ज्यानं केलाय त्याला मी बर्फाच्या गप्पा मारू देत नाही, कारण तोरण्याची चढण कुठल्याही स्लेजला भारी आहे. त्या गडांच्या मधल्या वाटा कुणी राखल्या? शर्यतीनं नाही. वर्षानुवर्षं दूध, सरपण, बाजार आणि पाहुण्यारावळ्यांसाठी तिथले लोक त्या वाटांनी चालत राहिले म्हणून त्या आहेत. आपण काही हजार रुपये भरतो, एक दिवस त्यांच्या वाटेवर पळतो, पदक घेतो, फोटो टाकतो. दुसऱ्या दिवशी ती वाट कुणी अडवली तर आपल्याला कळतही नाही. आणि कळलं तर पुढच्या वर्षी आयोजक मार्ग बदलतात. बस्स. रोज चालणाऱ्या बाईला मार्ग बदलून मिळत नाही.

आणि हे नुसतं उपकाराचं बोलणं नाही, त्यात आपला जीवही आहे. २२ मे २०२१ ला चीनमधल्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरशर्यत चालू असताना अचानक गारांचा पाऊस, झोडपणारा वारा आणि कडाका आला. १७२ जण पळत होते. २१ जण थंडीनं गारठून मेले. त्यांत देशातले नावाजलेले धावपटू होते. आणि सहा जणांना वाचवलं कुणी? तिथं मेंढ्या चारणाऱ्या झू केमिंग नावाच्या मेंढपाळानं. पावसापासून आडोसा म्हणून तो एका गुहेत थांबला होता. त्यानं पळणाऱ्यांना आत घेतलं, जाळ केला. ज्या रानात रोजचा माणूस वावरतो त्या रानात मदत असते. आमच्याकडेही कुणी डोंगरात पाय मोडून बसला तर हेलिकॉप्टर यायचं नाही. येईल तो धनगर, नाहीतर लाकडाची मोळी घेतलेली मावशी. त्यांच्या वाटा बुजल्या की ते जातील. मग उरेल फक्त जीपीएस.

माझं मागणं फार मोठं नाही.

एक. मावळातली प्रत्येक ग्रामपंचायत गावनकाशावरच्या तुटक रेषा जमिनीवर मोजून घेऊन खुणेचे दगड लावू दे. इंग्लंडनं अख्ख्या देशात हे काम केलं, आपल्याला एका तालुक्यापासून सुरुवात करायची आहे.

दोन. अडथळा काढायचा अर्ज फक्त शेतमालकानं नाही, वाट वापरणाऱ्या कुणालाही करता यावा, आणि ती सहा महिन्यांची मुदत जावी.

तीन. भात निघाल्यापासून राब भाजेपर्यंत पडीक खाचरातून आणि बांधावरून पायी जाण्याचा आबांचा रिवाज कायद्यात लिहिला जावा. उभं पीक, अंगण, गुलाबाची पॉलिहाउसं सोडून. कुणाची एक काडीही जात नाही यात.

चार, आणि हे आपल्यासाठी. जी शर्यत आपल्याकडून पैसे घेते तिनं आपल्या मार्गातली प्रत्येक वाट गावनकाशावर कुठं आहे, आज मोकळी आहे की नाही, हे दरवर्षी जाहीर करावं. अडलेल्या वाटेसाठी गावकऱ्यांबरोबर अर्ज द्यावा. पाण्याच्या थांब्यांवर केळी असतात तसा तहसीलदारांच्या नावाचा अर्जही ठेवा. पाचशे दमलेल्या माणसांच्या घामट सह्या कुठल्याही कचेरीत चालतील.

हे होणार नाही असं म्हणू नका. आमच्या शेजारी देहू आहे. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली, तेव्हा त्या महामार्गांच्या कडेनं चालणाऱ्या वारकऱ्यांसाठी वेगळा पदपथ आराखड्यात होता. म्हणजे पायी चालणारा माणूस सरकारला दिसतो. लाखांनी चालला आणि शेकडो वर्षं न चुकता चालला, की दिसतो. आपण पाचशे आहोत आणि वर्षातून एकदा चालतो. मग रोज चालणाऱ्यांच्या बरोबर उभं राहण्याशिवाय आपल्याला दुसरा मार्ग कुठला?

असो. खूप लिहिलं. पुढच्या डिसेंबरातल्या एका शर्यतीची नावनोंदणी परवा सुरू झाली. अर्जात रक्तगट, टी-शर्टचं माप, आणीबाणीला कुणाला फोन करायचा, सगळं विचारलंय. खाली 'तुमचे प्रश्न' म्हणून एक रिकामी चौकट आहे. मी तिथं लिहिलं: "मार्गातल्या किती वाटा गावनकाशावर आहेत, आणि त्यांतल्या किती आज मोकळ्या आहेत?" उत्तर अजून आलेलं नाही. तुम्हीही नाव घालणार असाल तर त्या चौकटीत हेच लिहा.